यॉट रस्त्याने न्यायची आहे? मालकाने करायची तयारी, पहिल्या मापापासून पहिल्या फेरीपर्यंत

पाणी बोटीचं वजन तळाच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखं वाटून घेतं. ट्रेलरवर तेच वजन चार ठोकळे आणि सहा पॅडवर येतं. वर ताशी ऐंशी किलोमीटरचा वारा आणि खाली शेकडो किलोमीटरची थरथर. समुद्रात वीस वर्षं कुरकुर न केलेला स्क्रू तिसऱ्या दिवशी रस्त्यावर निसटतो, यात नवल काहीच नाही.

पहिल्यांदा बोट रस्त्याने नेणाऱ्यांचा एक गैरसमज आधीच काढून टाकतो. वाहतूकदार बोट तयार करत नाही. तो ती चढवतो, बांधतो, नेतो. करारातली बारीक अक्षरं वाचलीत तर जवळपास नेहमी एक वाक्य सापडेल: प्रवासात सुटलेल्या, उडालेल्या, सांडलेल्या वस्तूंची जबाबदारी मालकाची. त्यामुळे पुढचं सगळं काम तुमचं. यार्डातल्या माणसांकडून करून घ्या हवं तर, पण ते झालं की नाही हे स्वतः हात लावून बघा.

दीड-दोन महिने आधी: माप

सगळ्यात आधी उंची. रुंदी आणि लांबीचे आकडे कागदपत्रांत असतात आणि बहुधा बरोबर असतात. माहितीपत्रकातली उंची मात्र बहुतेक वेळा पाण्याच्या रेषेपासून वर मोजलेली असते. तुम्हाला हवी आहे ती कण्याच्या (कील, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याच्या) तळापासून सर्वांत उंच पक्क्या भागापर्यंतची. पाण्यावरची उंची आणि पाण्याखालची खोली यांची बेरीज केली की काम झालं, असं वाटतं. पण ती खोली पंख्याच्या (प्रोपेलरच्या) टोकापर्यंत मोजलेली असू शकते, कण्यापर्यंत नव्हे. शिवाय त्या दिवशी टाक्या किती भरल्या होत्या, त्यावरही आकडा बदलतो.

बोट जमिनीवर असेल तर सोपा उपाय गवंड्याचा. पारदर्शक नळीत पाणी भरून सर्वांत उंच बिंदूची पातळी बाजूच्या खांबावर आणा आणि तिथून खाली टेप धरा. लेझर लेव्हल असेल तर उत्तमच. हे माप दोन वेगवेगळ्या दिवशी दोन माणसांनी घ्यावं. मी एकदा रडारच्या कमानीपर्यंत अगदी काटेकोर मोजलं आणि कमानीवरचा नांगर-दिवा विसरलो. वीस सेंटीमीटरचा दिवा. तो वाटेत कुठे राहिला, ते आजही सांगता येणार नाही.

आता हिशेब करू. समजा कण्यापासून कमानीच्या टोकापर्यंत ४.२ मीटर, ट्रेलरची बैठक जमिनीपासून ०.६ मीटर आणि मध्ये ठोकळे ०.१५ मीटर. एकूण ४.९५ मीटर. कमान आणि फ्लायब्रिजची (केबिनच्या छतावरच्या, बोट चालवायच्या जागेची) काच उतरवल्यावर बोट ३.३ मीटरची राहिली, तर एकूण ४.०५. पुष्कळ देशांत विशेष परवान्याशिवाय चालणारी उंची चार मीटरच्या आसपास आणि रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. रुंदीच्या बाबतीत फारसं काही करता येत नाही, कारण मध्यम आकाराची मोटर यॉटसुद्धा सहज साडेतीन-चार मीटर रुंद असते. म्हणजे परवाना लागणारच, असं धरून चाला. उंची मात्र तुमच्या हातात आहे, आणि पूल, विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या यांच्याशी गाठ उंचीचीच पडते.

आणखी एक खाच. पंखे आणि सुकाणू कण्याच्या खाली लोंबत असतील तर सपाट ट्रेलरवर ठोकळे उंच करावे लागतात आणि सगळी बेरीज तेवढ्याने वाढते. मधून मोकळ्या असलेल्या, हायड्रॉलिक हातांच्या खास बोट-ट्रेलरवर हे भाग सांगाड्याच्या मधल्या जागेत बसतात. म्हणून वाहतूकदाराला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, ट्रेलर कोणता आणणार ते विचारा.

वजनाचंही तसंच. माहितीपत्रकातलं वजन बहुधा रिकाम्या, नव्या बोटीचं असतं. त्यानंतर बसवलेला जनरेटर, वातानुकूलन, जास्तीच्या बॅटऱ्या आणि लॉकरमधला दहा वर्षांचा संसार त्यात नसतो. उचलणाऱ्या क्रेनवर किंवा ट्रॅव्हल लिफ्टवर (बोट उचलून नेणाऱ्या चाकांच्या क्रेनवर) वजन दाखवणारा काटा असेल तर तोच आकडा खरा माना.

त्याच आठवड्यात: विमा आणि परवाने

बोटीची नेहमीची पॉलिसी जमिनीवरच्या प्रवासाला लागू असेलच असं नाही. विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. वाहतूकदाराचा स्वतःचा विमा किती रकमेपर्यंत आहे, नुकसानीतला पहिला हिस्सा कोणाच्या खिशातून जाणार, उतरवलेले सुटे भाग त्यात येतात का, हे तीन प्रश्न वेगळे विचारा. केबिनमध्ये ठेवलेलं घरगुती सामान जवळपास कधीच धरलं जात नाही.

मोठ्या आकाराच्या मालाला अनेक ठिकाणी फक्त दिवसा चालायची मुभा असते, सुट्टीच्या दिवशी बंदी असते आणि पुढे-मागे सोबतीची गाडी लागते. उंच मालाच्या पुढच्या गाडीवर एक उभी काठी असते. काठी पुलाला लागली तर मागे येणारा ट्रक वेळेत थांबतो. या सगळ्याचा खर्च, आणि क्रेन उशिरा आली तर ट्रक थांबवून ठेवण्याचा खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेलं असू द्या. दोन्ही टोकांच्या यार्डांत क्रेनची तारीखही आत्ताच ठरवा.

पंधरा दिवस आधी: वरचं उतरवणं

हा भाग सर्वांत वेळखाऊ. रडारची कमान, फ्लायब्रिजची काच, सगळे अँटेना, सर्चलाइट, झेंड्याची काठी, छताचं कापड आणि त्याचा सांगाडा, डेव्हिटवरची (टांगणीच्या हातांवरची) छोटी बोट, हे सगळं खाली.

वायर कापण्याआधी किंवा कनेक्टर सोडवण्याआधी फोटो काढा. मग प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावा. दोन्ही टोकांना, हे महत्त्वाचं, कारण जोडताना तुमच्या हातात दोन गुच्छ असणार आहेत आणि त्यातल्या निम्म्या वायरी काळ्या असणार आहेत. नंबर कागदाच्या चिकटपट्टीवर लिहिला तर पावसात विरघळतो, कापडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. कनेक्टर छोट्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. डेकवर उघडी राहिलेली भोकं बुजवा, नाहीतर वाटेतल्या पहिल्याच पावसाचं पाणी थेट केबिनच्या छतात मुरेल.

स्क्रू-बोल्ट ज्या भागाचे त्याच नावाच्या पिशवीत. सगळ्या पिशव्या एका डब्यात आणि डबा तुमच्या स्वतःच्या गाडीत. पिशवी सुट्या भागालाच बांधून ठेवावी असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. थरथरीने पिशवी फाटते आणि नेमका तो एक बोल्ट जातो जो आता कुठे मिळत नाही.

कमान सीलंटने चिकटवलेली असेल तर ओढू नका. पातळ पात्याने किंवा पियानोच्या तारेने सीलंट कापत जा. घाई केली तर फायबरचा थर सीलंटबरोबर उचकटून येतो. उतरवलेली कमान गाद्यांवर, डेकला बांधून नेता येते. मात्र ती जिथे टेकते तिथे जाड चादर हवी आणि कमान बोटीच्या कडेबाहेर येता कामा नये, नाहीतर रुंदीचा परवाना चुकतो. रडारचा घुमट आणि काच वेगळ्या लाकडी खोक्यात.

आता कापड. छत, खिडक्यांवरची आच्छादनं, बसण्याच्या जागेवरचं कव्हर, काही म्हणजे काही ठेवू नका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात तर दाब दीडपटीहून जास्त होतो, आणि समोरून वारा असेल तर त्यात आणखी भर. "घट्ट बसलंय, काही होत नाही" म्हणत मी पहिल्या खेपेला मागचं कव्हर तसंच ठेवलं होतं. कापडाच्या चिंध्या झाल्या, त्याचं दुःख कमी. सुटलेल्या बकलाने दोन दिवस जेलकोटवर (फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर) ठोके दिले होते, ते पॉलिश करून निघायला आठवडा गेला.

प्लास्टिकच्या आवरणात बोट गुंडाळून पाठवावी का, हा नेहमीचा प्रश्न. लांबच्या प्रवासासाठी मी नको म्हणेन. आवरण कुठेतरी सैल पडलं की ते फडफडतं आणि आतली धूळ सँडपेपरसारखी घासते. वाहतूकदारच आग्रह धरत असेल तर काम अनुभवी माणसाकडून करून घ्या, आणि आतली वाफ बाहेर पडायला झडपा ठेवा.

खालचं: पंखे, सुकाणू, सेन्सर

सरळ शाफ्टच्या (इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) बोटीत पंखे काढणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो, त्यावर हातोडा मारू नका. त्यासाठी पुलर नावाचं ओढून काढायचं अवजार असतं, ते कोणाकडून तरी मागून आणा. दोन इंजिनांच्या बोटीत पंखे बहुधा उलटसुलट फिरणारे असतात, म्हणून काढताच डावा-उजवा लिहून ठेवा. दोन नट असतील तर पातळ कोणता आणि जाड कोणता, कोणत्या क्रमाने निघाले, याचा फोटो हवा. पातळ नट आधी आणि जाड नट बाहेरच्या बाजूला, अशी योग्य मांडणी. पण पुष्कळ बोटींवर ती उलटी सापडते. शाफ्टच्या खाचेतली चावी (धातूची छोटी पट्टी) पडून हरवते, ती लगेच पिशवीत टाका.

मागे बाहेर लटकणारं ड्राइव्ह युनिट असेल तर ते वर उचलून लाकडाचा टेकू देऊन बांधा. फक्त हायड्रॉलिक दाबाच्या भरवशावर ते दिवसभर वर राहत नाही.

वेग मोजणारं छोटं चाक तळातून बाहेर आलेलं असतं. ते काढून त्याच्या जागी बुच बसवा. खोली मोजणारा सेन्सर बहुधा काढता येत नाही, म्हणून त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे बाहेरून पाण्याच्या रेषेच्या वर, ठळक खूण करा. उचलताना क्रेनचा पट्टा नेमका तिथेच येतो.

तळ जोराच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. शिंपले, शेवाळ चिकटलेली बोट एका जलाशयातून दुसऱ्यात नेली की परके जीवही जातात. झेब्रा शिंपला अशाच तऱ्हेने पसरला, आणि ओलावा असेल तर तो पाण्याबाहेर कित्येक दिवस जगतो. काही मार्गांवर यासाठी तपासणी होते आणि बोट अडवली जाते. बिल्जमधलं (बोटीच्या आत अगदी तळाशी पाणी साठतं त्या जागेतलं), पाण्याच्या गाळणीतलं पाणीही यात धरा.

शेवटचे चार दिवस: द्रव, वीज, केबिन

इंधन पाव टाकी किंवा त्याहून कमी ठेवा. डिझेलमध्ये ओलावा धरू नये म्हणून टाकी भरून ठेवावी, हा सल्ला धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीसाठी ठीक आहे. रस्त्यावर १,००० लिटर डिझेल म्हणजे साधारण ८४० किलो वजन, आणि तेही आत हेलकावणारं. गोड्या पाण्याची टाकी, गरम पाण्याचा टँक, मैलापाण्याची टाकी सगळं रिकामं. मैलापाण्याच्या टाकीकडे दुर्लक्ष करणारा माणूस ते आयुष्यात एकदाच करतो.

वाट थंडीच्या प्रदेशातून जात असेल तर नुसतं रिकामं करून भागत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि इंजिनाच्या थंडावा-नळ्यांत, पंपात, शॉवरच्या नळात उरलेलं वाटीभर पाणीही फट पाडायला पुरेसं असतं. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत विषारी नसलेलं प्रॉपिलिन ग्लायकॉलचं द्रावण फिरवा. गाडीच्या रेडिएटरमधलं नेहमीचं द्रावण तिथे चालत नाही, ते विषारी असतं.

बिल्ज कोरडं पुसून तळाचं बुच काढून ठेवा. ट्रेलरवर पाऊस आला तर पाणी वाहून जाईल. मी ते बुच इंजिनाच्या चावीलाच बांधतो. चावी हातात घेतल्याशिवाय बोट सुरू होत नाही, त्यामुळे बुच विसरता येत नाही.

बॅटऱ्यांच्या तारा सोडवा, आधी ऋण आणि मग धन, आणि टोकं गुंडाळा. बिल्जच्या पंपाची तार कधीकधी मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला गेलेली असते, ती शोधा. स्वयंपाकाच्या गॅसची नळकांडी, पेट्रोलचे कॅन, संकटात उडवायचे बाण बोटीत ठेवू नका. ईपर्ब, म्हणजे ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, स्वतःबरोबर न्या. ते पाण्याने आपोआप सुरू होणाऱ्या प्रकारचं असतं. पावसात ट्रेलरवर ते जागं झालं तर बचाव यंत्रणा तुमच्या बोटीला भर हायवेवर शोधू लागेल.

केबिनमध्ये नियम एकच: जे खाली पडू शकतं ते आधीच जमिनीवर ठेवा. भिंतीवरचा टीव्ही उतरवा. फ्रिजचा दरवाजा बांधा, कप्प्यांना आतून चिकटपट्टी लावा, आरसे आणि सुटी काच गाद्यांमध्ये ठेवा. केबिनचे दरवाजे उघडे राहिले तर बिजागऱ्या तुटेपर्यंत आपटतात. छतावरच्या झडपा कड्या घालून बंद करा आणि वरून पट्टी मारा. त्यासाठी साधी चंदेरी टेप वापरू नका, दोन दिवसांच्या उन्हात तिचा गोंद जेलकोटवर भाजून बसतो. नांगर पुढच्या रोळावरून काढून साखळीसकट लॉकरमध्ये बांधा.

आणि बोटीला टेम्पो समजू नका. "रिकामी जातेच आहे, तर चार खोकी टाकू" हा मोह सगळ्यांना होतो. वजन वाढतं, विमा लागू होत नाही आणि तपासणीच्या नाक्यावर प्रत्येक खोकं उघडावं लागतं.

चढवण्याचा दिवस

सकाळी लवकर पोचा आणि क्रेन येण्याआधी फोटो घ्या. चारही बाजू, तळ, आधीचे ओरखडे जवळून, इंजिनाच्या तासांचा मीटर. ड्रायव्हरबरोबर बोटीभोवती एक फेरी मारा आणि त्याच्या नोंदपत्रावर काय लिहिलंय ते वाचून सही करा.

क्रेनचे पट्टे कुठे यावेत याच्या खुणा बांधणाऱ्या कंपनीने बाजूवर केलेल्या असतात. नसल्या तर बोटीचा आराखडा मागवून ठेवा. शाफ्ट, त्याचे आधार आणि सेन्सर पट्ट्याखाली यायला नकोत. इंजिनं मागे असतात म्हणून बोटीचा तोलही मागच्या बाजूला असतो, हे क्रेन चालवणाऱ्याला तोंडी सांगा, जरी त्याला माहीत असलं तरी.

ट्रेलरवर वजन कण्यावर यायला हवं. बाजूचे पॅड बोट सावरण्यापुरते, आणि तेही आतल्या आडव्या भिंतींच्या रेषेत, नुसत्या पातळ कातडीवर नव्हे. हे बरोबर झालंय का, ते ओळखायची एक जुनी युक्ती आहे. बोट टेकल्यावर शिडी लावून आत जा आणि केबिनचे, बाथरूमचे दरवाजे उघडून-मिटून बघा. काल सहज मिटणारा दरवाजा आज चौकटीला घासत असेल तर तळ कुठेतरी वाकतोय. ड्रायव्हरला ठोकळे पुन्हा लावायला सांगा. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

बांधण्याचे पट्टे कठड्याला किंवा दोर बांधायच्या खुंट्यांना अडकवू नयेत. पट्टा जिथे कडेवरून वळतो तिथे गालिच्याचा तुकडा घाला. सगळं बांधून झालं की उंची पुन्हा मोजा, ट्रेलरवर चढलेल्या बोटीची, जमिनीपासून. कागदावरची बेरीज आणि हा आकडा यांत फरक निघाला तर परवान्यावरचा आकडा दुरुस्त झाल्याशिवाय ट्रक हलवू नका.

निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून पट्टे तपासायला ड्रायव्हरला सांगा. बोट बसते, पट्टे सैल होतात. चांगला ड्रायव्हर हे न सांगता करतो. केबिनची एक जादा किल्ली आणि कागदपत्रांच्या प्रती त्याच्याकडे द्या.

उतरवताना

ट्रक पोचला की उतरवण्याआधी बघा, सही नंतर. नवीन ओरखडा दिसला तर तिथेच फोटो आणि तिथेच नोंदपत्रावर उल्लेख. "नंतर कळवतो" म्हटलेल्या तक्रारीचं पुढे काही होत नाही.

कमान आणि पंखे जमिनीवर असतानाच बसवा. मग बुच. मग सगळ्या नळ्यांच्या क्लिपा पेचकसाने पुन्हा आवळा, थरथरीने त्या हमखास ढिल्या होतात. बोट पाण्यात सोडली की पट्टे लगेच सोडवायला देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं बोट पट्ट्यांतच तरंगू द्या आणि तोवर टॉर्च घेऊन प्रत्येक झडप, शाफ्टची प्रत्येक सील, सेन्सरची जागा बघून या. शाफ्टला रबरी भात्याची, न गळणारी सील असेल तर भाता दाबून आतली हवा काढा. हवा अडकून राहिली तर सील कोरडी फिरते आणि जळते.

शाफ्ट आणि इंजिनाची जोड त्याच दिवशी जुळवू नका. जमिनीवर वाकलेली बोट पाण्यात मूळ आकाराला यायला एक-दोन दिवस घेते. त्यानंतर जोडाच्या दोन तबकड्यांमधल्या (फ्लँजच्या) फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून बघा. व्यासाच्या दर १०० मिलिमीटरमागे ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर जुळवणी करून घ्या.

पहिली फेरी धक्क्याच्या जवळच मारा, आणि इंधनाचे दोन-तीन जादा फिल्टर बरोबर ठेवा. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं शांत बसलेला गाळ रस्त्याने पुरता ढवळून काढलेला असतो. तो पहिल्या काही तासांत फिल्टरवर येतो आणि इंजिन धापा टाकू लागतं. बिघाड इंजिनात आहे असं समजून मेकॅनिक बोलवण्याआधी फिल्टर उघडून बघा.